पहिल्या शिफ्टची वाळू

उद्यमबागेच्या गेटवर वॉचमन म्हणाला,
मुलींना भट्टीकडे सोडत नाहीत.
हुन्शिकट्टी मॅडमनी वाद घातला नाही.
तिथंच पायरीवर बसून डबा उघडला,
जोंधळ्याची भाकरी मोडून अर्धी मला दिली,
आणि त्याची मुलगी कितवीला आहे ते कन्नडमध्ये विचारलं.
अडीच वाजता आम्ही आत होतो.

माझं काम वाळू मोजायचं.
साच्याच्या वाळूत पाणी कमी पडलं तर साचा ढासळतो,
जास्त झालं तर तापल्या लोखंडाखाली वाफ कोंडते
आणि ओतीव तुकडा आतून फुगतो.
वरून काही दिसत नाही.
वरून तो अगदी शहाण्यासारखा असतो.

यंत्र म्हणायचं तीन पूर्णांक आठ.
मी वहीत लिहायचे.
मॅडम वही स्वतःकडे फिरवून विचारायच्या, एष्टु सल?
किती वेळा मोजलंस?
तीनदा.
मत्तोम्मे.
शाळेत दहा वर्षं कन्नड पाठ केलं होतं,
पण ती भाषा अंगाला लागली
ती या पुन्हा एकदा मोजण्यात.
घरी दादा विचारायचा, तुझ्या मॅडम मराठीत बोलतात का?
मी म्हणायचे, दशांशात बोलतात.

एक गोष्ट मी कॉलेजात सांगितली नव्हती.
त्याच फाउंड्रीत, वाळूखात्यात, अठरा वर्षं
माझी आई.
आम्ही समोरासमोर आलो तेव्हा
तिनं ओळख दाखवली नाही, आणि मीही.
ती माझ्यासाठी गप्प राहिली.
मी कुणासाठी, ते अजून लिहवत नाही.

मॅडमनी दोघींची चाल पाहिली असावी.
परतीच्या बसमध्ये, खिडकीबाहेर बघत,
त्यांनी एवढंच विचारलं :
तुझी आई वाळू कशी ओळखते?
मूठ आवळते. उघडते. बघते.
मग ते मोज.

चाळीस दिवस आईची मूठ आणि शेजारी यंत्र.
ती आकडा तोंडी सांगायची,
मी तिच्या आकड्यासमोर यंत्राचा आकडा लिहायचे,
तिला न दाखवता, मॅडमचा तसा नियम होता.
डिसेंबरातलं बेळगाव, सकाळी सातला
बोलताना तोंडातून धूर निघायचा.

रविवारी आई प्रयोगशाळेत आली.
चपला दाराबाहेर काढल्या; मॅडमनी आत आणून ठेवायला लावल्या.
आलेख पडद्यावर होता.
दुपारचे ठिपके रेघेवर बसलेले, पोरं वर्गात बसतात तसे.
सकाळचे सगळे एका बाजूला घसरलेले.
मला वाटलं हे झाकावं.
कौतुकाची चार वाक्यं मी तयार ठेवली होती, अठरा वर्षांचा अनुभव वगैरे.
मॅडम म्हणाल्या, तिला चूक दाखव. तिची आहे ती.

आई पडद्याच्या इतकी जवळ गेली
की ठिपके तिच्या पदरावर आले.
हे सगळे सकाळचे काय गे?
हो.
मग तिनं स्वतःचा तळवा उलटसुलट पाहिला,
जसं कुणी उसनं आणलेलं भांडं बघतं.
सकाळी हात गार असतोय.
गार हाताला सगळंच ओलं लागतंय.
म्हणून पाणी कमी घालतंय मी. म्हणून सकाळचे साचे पडतात.

कुणीच काही बोललं नाही.
मी दोन वर्षं शोधत होते ते वाक्य.
मॅडमनी टोपण काढून पेन माझ्याकडे दिलं.
लिही. आणि कुणी सांगितलं तेही लिही,
आभारात नाही. वर. नावांत.

निबंध पाठवला. तपासणाऱ्यानं विचारलं आहे,
हाताने केलेल्या मोजणीचं उपकरण कोणत्या कंपनीचं?
मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना
पहिल्यांदाच पाहिलं, दात थोडे पुढे आहेत.

उत्तर अजून गेलेलं नाही.
आई आता चहाचा पेला दोन्ही हातांत धरून ठेवते,
मग मूठ आवळते,
आणि ठिपके रेघेकडे सरकायला लागलेत.
मी आनंदानं वही नेली.
मॅडमनी ती स्वतःकडे फिरवली.
तळव्याचं तापमान कुठं आहे?
मत्तोम्मे.